डेव्हिल्स होल पपफिश: वाळवंटातल्या संकटग्रस्त माशाचे जनुकीय वैविध्य आणि परिस्थितीशी जुळवणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणारे विद्यार्थी, घरी मत्स्यपेटी सांभाळणारे हौशी लोक आणि खाडीकाठी पक्षी पाहायला येणारी मंडळी यांच्याशी संकटग्रस्त प्रजातींविषयी बोलताना मी अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या डेव्हिल्स होल पपफिश या माशाचे उदाहरण आवर्जून देते. या प्रजातीचे सारे नैसर्गिक अस्तित्व खडकातल्या एका भेगेतल्या पाण्यावर अवलंबून आहे. त्यामुळे जनुकीय वैविध्य कसे घटते, परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता कुठून येते आणि या दोहोंचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे येथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसते. त्यानंतर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

हा मासा नेमका कोणता आणि तो राहतो कुठे?

शास्त्रीय नाव सिप्रिनोडॉन डायाबोलिस. लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, आयुष्य साधारण एक वर्षाचे. नर चमकदार निळा असतो, मादी तपकिरी-पिवळसर. १९३० मध्ये जोसेफ वेल्स यांनी या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या पहिल्याच यादीत तिचा समावेश झाला.

डेव्हिल्स होल हे नेवाडातील ॲश मेडोज या ओअ‍ॅसिसच्या परिसरात आहे आणि डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाचा एक सुटा तुकडा म्हणून त्याचे संरक्षण केले जाते. चुनखडीच्या डोंगरात पडलेली ही भेग वरून पाहिल्यास लहानशीच वाटते. मात्र पाण्याखाली ती १३० मीटरपेक्षा अधिक खोल जाते आणि तिचा तळ अद्याप कोणाला सापडलेला नाही. मासे प्रामुख्याने वरच्या २५ मीटरच्या आसपास वावरतात. अंडी घालण्यासाठी आणि अन्नासाठी ते ज्यावर अवलंबून असतात तो उथळ खडकाचा कट्टा मात्र सुमारे साडेतीन मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे आपल्याकडच्या सदनिकेतल्या एका खोलीएवढा आहे. पाठीचा कणा असलेल्या इतर कोणत्याही प्रजातीचा नैसर्गिक अधिवास इतका लहान असल्याचे माहीत नाही.

वाळवंटात मासा आला कसा?

हिमयुगाच्या काळात आजच्या डेथ व्हॅलीच्या भागात मोठी सरोवरे होती आणि नद्या वाहत होत्या. हवामान कोरडे होत गेले तशी सरोवरे आटली आणि पपफिशचे पूर्वज ठिकठिकाणच्या झऱ्यांत, ओढ्यांत आणि पाणथळींत अडकून पडले. प्रत्येक पाणवठा वेगळा, त्यामुळे तिथला मासाही हळूहळू वेगळा होत गेला. अमार्गोसा नदीच्या खोऱ्यातला सिप्रिनोडॉन नेवाडेन्सिस आणि डेथ व्हॅलीतल्या सॉल्ट क्रीकचा सिप्रिनोडॉन सॅलिनस ही त्याच घराण्यातली भावंडे आहेत.

डेव्हिल्स होलमध्ये हा मासा नेमका कधी पोहोचला, याबद्दल संशोधकांत खरा मतभेद आहे. दहा ते वीस हजार वर्षांपूर्वी, असा जुना समज होता. २०१६ मध्ये जनुकीय माहितीवर आधारलेले दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकाने हा काळ शेकड्यांतल्या वर्षांचा, म्हणजे फार तर हजाराच्या आतला ठरवला, तर दुसऱ्याने तो सुमारे साठ हजार वर्षांचा ठरवला. उत्परिवर्तनाचा, म्हणजे जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांचा, वेग किती धरायचा आणि शेजारच्या झऱ्यांतून अधूनमधून मासे येत होते असे मानायचे की नाही, यावर उत्तर एवढे बदलते. विद्यार्थ्यांनी या मतभेदाकडे दुर्लक्ष करू नये, कारण एखादे वैशिष्ट्य घडायला किती पिढ्या मिळाल्या हेच त्यावरून ठरते.

त्या पाण्यात जगणे एवढे अवघड का आहे?

पाण्याचे तापमान वर्षभर ३३ ते ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरी-अकलोलीच्या गरम कुंडांत हात घातलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु या माशाच्या सहनशक्तीच्या वरच्या टोकाजवळ तो आहे. प्रौढ मासा ते तापमान सहन करतो. अंड्याची सहनशक्ती त्याहून बरीच अरुंद असते, आणि प्रजातीचे भवितव्य अंड्यावर ठरते.

दुसरी अडचण प्राणवायूची. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो आणि जमिनीखालून येणाऱ्या या पाण्यात तो दर लिटरला दोन-तीन मिलिग्रॅमच असतो. बहुतेक माशांना एवढ्यात गुदमरल्यासारखे होईल.

तिसरी अडचण प्रकाशाची आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. भेगेच्या भिंती उंच असल्याने कट्ट्यावर ऊन दिवसातून थोडाच वेळ येते, आणि हिवाळ्याच्या ऐन मध्यात तर थेट ऊन पडतच नाही. ऊन नाही म्हणजे शेवाळ नाही, आणि शेवाळ नाही म्हणजे त्यावर जगणारे सूक्ष्मजीव आणि चिमुकले अपृष्ठवंशीही नाहीत. भिंतींच्या कपारींत राहणाऱ्या घुबडांची विष्ठा पाण्यात पडते, तिच्यातून मिळणारी पोषकद्रव्येही या साखळीत मोलाची ठरतात. एवढ्या तुटपुंज्या अन्नावर सगळ्या प्रजातीचा संसार चालतो.

इतक्या कमी प्राणवायूत हा मासा तग कसा धरतो?

आपल्या खाडीतली निवटी भरती ओसरल्यावर चिखलावर येते आणि ओलसर त्वचेतून व तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. पपफिशचा मार्ग वेगळा आहे. लास व्हेगसच्या नेवाडा विद्यापीठात फ्रँक व्हॅन ब्रॉयकेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परिसरातल्या पपफिशवर प्रयोग केले. ३३ अंशांना सरावलेले मासे पाण्यात प्राणवायू उपलब्ध असतानाही मधूनच तो घेणे थांबवतात, कधी कधी दोन तासांहून अधिक काळ, आणि त्या अवधीत शरीर प्राणवायूविना ऊर्जा मिळवते, असे त्यांना आढळले. या प्रक्रियेत इथेनॉल तयार होते आणि ते शरीराबाहेर टाकले जाते.

हा व्यवहार स्वस्त नाही. त्याच अन्नातून अशा मार्गाने मिळणारी ऊर्जा फारच थोडी असते, आणि जिथे अन्नच तोकडे आहे तिथे वाढ आणि अंडी यांच्या वाट्याला त्याहून थोडे उरते. परिस्थितीशी जुळवणी म्हणजे दर वेळी सुधारणा, असा जो सर्रास समज असतो तो येथे टिकत नाही. मासा जगतो, आणि त्या जगण्याची किंमत त्याला इतर बाबतींत मोजावी लागते.

या माशाला श्रोणिपक्ष नसतात, ते जनुकांमुळे की पाण्यामुळे?

या सर्व प्रश्नांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा, आणि त्याचे उत्तर सावकाश वाचावे अशी विनंती आहे.

बहुतेक माशांच्या पोटाखाली परांची एक जोडी असते, तिला श्रोणिपक्ष म्हणतात. डेव्हिल्स होल पपफिशला ती नसते. शिवाय डोके शरीराच्या मानाने मोठे, डोळे मोठे आणि शरीर आखूड असते. एखाद्या लहान मुलाच्या प्रमाणांत प्रौढ शरीर थांबावे तसा हा सगळा साचा दिसतो. पूर्वी याचा सरळ अर्थ लावला जाई की ही प्रजातीची वंशपरंपरागत खूण आहे.

शॉन लेमा या संशोधकाने शेजारच्या अमार्गोसा पपफिशची पिल्ले, ज्यांना एरवी श्रोणिपक्ष असतात, जास्त तापमानाला आणि कमी अन्नावर वाढवली. त्या पिल्लांपैकी काहींची वाढ डेव्हिल्स होलच्या माशासारखी झाली: डोके मोठे, शरीर लहान, आणि श्रोणिपक्ष नाहीत. थायरॉइड संप्रेरकाचे काम औषधाने रोखले तेव्हाही असाच परिणाम दिसला. म्हणजे उष्णता आणि उपासमार यांमुळे संप्रेरकाची पातळी घटते, वाढीचा क्रम अर्ध्यावर राहतो आणि पर फुटायचे राहून जातात. एकाच जनुकसंचातून परिस्थितीनुसार वेगवेगळी शरीरे घडू शकतात, या गुणाला रूपलवचिकता म्हणतात.

याला उलट बाजूनेही दुजोरा मिळाला. १९७२ मध्ये हूव्हर धरणाजवळ बांधलेल्या आसरातळ्यात, म्हणजे प्रजातीचा दुसरा समूह सुरक्षित ठेवण्यासाठीच्या तळ्यात, डेव्हिल्स होलचे काही मासे नेण्यात आले. तिथे काही वर्षांतच ते आकाराने मोठे झाले आणि त्यांच्या शरीराची प्रमाणे बदलली. एवढ्या थोड्या पिढ्यांत बदललेल्या शरीराचे श्रेय केवळ जनुकांना देता येत नाही.

मग सगळेच पाण्याचे काम म्हणायचे का? तसेही नाही. जनुकसंचाच्या पुढच्या अभ्यासांत या माशात असे जनुकीय बदल आढळले आहेत जे इतर पपफिशांत नाहीत. श्रोणिपक्ष नसण्यात दोन्हींचा वाटा असणे शक्य आहे, कारण परिस्थितीने आधी वळण दिलेले वैशिष्ट्य अनेक पिढ्या टिकून राहिले तर पुढे जनुकांतही ते पक्के होऊ शकते. संवर्धनाच्या दृष्टीने यातून निघणारी गोष्ट ठोस आहे: आपण वाचवतो ती जोडी मासा आणि पाणी अशी आहे. मासा दुसऱ्या पाण्यात सुखरूप राहिला, तरी त्या पाण्यात घडणारे शरीर तेच राहीलच असे नाही.

जनुकीय वैविध्य कमी झाले तर नेमके काय बिघडते?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. समूहात एका जनुकाची अनेक रूपे असतील तर दोन प्रती भिन्न असण्याची शक्यता वाढते आणि एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम भागवते. समूह लहान राहिला की नातलगांतच प्रजनन होते, दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येऊ लागतात आणि झाकलेले दोष उघडे पडतात. पिल्ले अशक्त होणे, अंडी न उबणे, रोगाला लवकर बळी पडणे हे अंतःप्रजननाचे नेहमीचे परिणाम आहेत.

दुसरा तोटा सावकाश जाणवतो. नैसर्गिक निवड उपलब्ध रूपांतूनच काही निवडू शकते. पाणी एक अंशाने तापले किंवा नवा परजीवी आला, तेव्हा त्याला तोंड देणारे रूप समूहात कुठेतरी असावे लागते. ते आधीच हरवलेले असेल तर निवडीला काही निवडायलाच उरत नाही.

याचे गणित सोपे आहे. परिणामकारक संख्या, म्हणजे पुढच्या पिढीत खरोखर भर घालणाऱ्या प्राण्यांची संख्या, पन्नास असेल तर दर पिढीला भिन्न प्रतींचे प्रमाण सुमारे एक टक्क्याने घटते. एक टक्का नगण्य वाटतो, परंतु सुमारे सत्तर पिढ्यांत निम्मे वैविध्य संपते. या माशाची पिढी साधारण एका वर्षाची आहे. परिणामकारक संख्या ही मोजलेल्या माशांपेक्षा जवळजवळ नेहमीच कमी असते, हेही ध्यानात घ्यावे.

या माशाच्या जनुकसंचात काय आढळले?

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड तियान आणि ख्रिस्तोफर मार्टिन यांच्या गटाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डेव्हिल्स होलच्या माशांचे संपूर्ण जनुकसंच वाचले. सरासरी ५८ टक्के जनुकसंचाच्या दोन्ही प्रती एकसारख्या निघाल्या. सख्ख्या भावा-बहिणींचे सलग चार-पाच पिढ्या प्रजनन झाल्यावर जी अवस्था येते, ती ही अवस्था आहे. इतक्या पराकोटीचे अंतःप्रजनन जंगली प्राण्यांत फार विरळा दिसते.

याच अभ्यासात या माशाच्या जनुकसंचातून पंधरा जनुके गळाल्याचे दिसले आणि त्यांपैकी पाच कमी प्राणवायूशी जुळवून घेण्याशी निगडित आहेत. जो मासा कमी प्राणवायूच्या पाण्यात राहतो, त्याच्याचकडून ती जनुके हरवावीत, हे मला फार अस्वस्थ करते. याचा उलगडा नैसर्गिक निवडीत नाही. समूह फार लहान असला की उपयोगी रूपही निव्वळ योगायोगाने पुढच्या पिढीत पोहोचत नाही आणि हानिकारक रूप योगायोगानेच सर्वांत पसरते; याला जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. लहान समूहात हा योगायोग निवडीवर मात करतो.

ही घट अलीकडच्या काळातली आहे की जुनी?

बरीचशी जुनी आहे. त्याच अभ्यासात १९८० मध्ये गोळा करून जतन केलेल्या एका माशाचा जनुकसंचही वाचला गेला, आणि अंतःप्रजननाचे प्रमाण त्याच्यातही मोठे होते. त्या काळात मोजणीत शेकडो मासे दिसत असत. यावरून अलीकडच्या घसरणीने प्रश्न निर्माण केला नाही, तो वाढवला, असे म्हणता येते. बरणीत ठेवलेला एक मासा चाळीस वर्षांनी अशी साक्ष देतो, म्हणून संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांची निगा राखणे हे शास्त्राचे अत्यंत गंभीर काम आहे.

मासे मोजतात कसे आणि आज ते किती आहेत?

वसंतात आणि शरदात अशी वर्षातून दोनदा मोजणी होते. पाणबुडे भेगेत खोलवर उतरतात आणि सावकाश वर येत येत प्रत्येक पातळीवर दिसलेले मासे टिपत जातात. त्याच वेळी पाण्यावर टांगलेल्या फळीवर पालथे पडून दुसरे निरीक्षक कट्ट्यावरचे मासे मोजतात, आणि दोन्हींची बेरीज धरली जाते.

१९९० च्या दशकाच्या मध्यानंतर संख्या उतरत गेली. २००६ च्या वसंतात ३८ आणि २०१३ च्या वसंतात अवघे ३५ मासे मोजले गेले. पुढे ती सावरली. २०२२ च्या शरदात २६३ आणि २०२४ च्या वसंतात १९१ मासे दिसले, आणि वसंतातला तो आकडा पंचवीस वर्षांतला सर्वोच्च होता. त्यानंतर डिसेंबर २०२४ आणि फेब्रुवारी २०२५ मधील भूकंपांनी पाणी हिंदकळले, कट्ट्यावरचे शेवाळ आणि अंडी धुऊन गेली आणि २०२५ च्या सुरुवातीच्या मोजणीत पुन्हा ३८ वर आकडा आला. तेव्हा ॲश मेडोज येथल्या जोपासना केंद्रात वाढवलेले १९ मासे डेव्हिल्स होलमध्ये सोडण्यात आले.

संख्या पुन्हा वाढली म्हणजे धोका टळला असे समजायचे का?

नाही. वर्तमानपत्रांतल्या बातम्या आकडा वाढला की आनंद व्यक्त करतात, आणि तो आनंद मलाही होतो. परंतु संख्या आणि वैविध्य वेगवेगळ्या गतीने चालतात. ३५ चे २६३ व्हायला नऊ वर्षे पुरली. हरवलेले जनुकरूप नव्या उत्परिवर्तनातून परत येण्याची वाट पाहायची तर हजारो पिढ्या लागतील, आणि तेच रूप परत येईल याची शाश्वतीही नाही. २६३ मासे हे त्या ३५ जणांचेच वंशज आहेत. त्यांच्यात जे नव्हते ते यांच्यातही नाही.

संख्या वाढण्याचा लाभ असा की उरलेले वैविध्य त्यापुढे हळू गळते. हा लाभ मोठाच आहे, म्हणून प्रत्येक चांगल्या वर्षाचे मोल मानायला हवे.

मग शेजारच्या पपफिशशी संकर करून नवे जनुक का आणत नाहीत?

हा मार्ग इतरत्र उपयोगी पडला आहे. फ्लोरिडा पँथर अंतःप्रजननाने खंगला होता, तेव्हा १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या गेल्या आणि तो समूह सावरला.

पपफिशच्या बाबतीत हा प्रयोग नकळत घडून गेला. ॲश मेडोजमधील पॉइंट ऑफ रॉक्स येथल्या आसरातळ्यात शेजारचे काही अमार्गोसा पपफिश शिरले. मूठभर पाहुण्यांची जनुके थोड्याच वर्षांत साऱ्या तळ्यात पसरली आणि तिथल्या माशांना श्रोणिपक्ष दिसू लागले. संकरित मासे जोमदार होते, यावरून मूळ समूहावर हानिकारक जनुकांचे किती ओझे होते हे कळले. पण त्याच वेगाने डेव्हिल्स होल पपफिश म्हणून ओळखावे असे त्या तळ्यात फारसे उरले नाही. माझे मत असे की मूळ भेगेत हा उपाय आज करू नये, मात्र बंदिस्त तळ्यांत त्याचा अभ्यास चालू ठेवावा.

जोपासना केंद्रात काय केले जाते?

२०१३ मध्ये ॲश मेडोज येथे उभारलेल्या केंद्रात सुमारे ३ लाख ८० हजार लिटरची एक टाकी आहे. तिच्यात डेव्हिल्स होलच्या वरच्या भागाची, कट्ट्यासकट, हुबेहूब प्रतिकृती केली आहे. पाण्याचे तापमान, प्राणवायू आणि प्रकाश यांवर नियंत्रण ठेवले जाते. सुरुवात प्रौढ माशांपासून न करता अंड्यांपासून केली गेली: हिवाळ्यात, जेव्हा भेगेत अंडी जगण्याची शक्यता नाहीतरी कमी असते, तेव्हा ती गोळा करून केंद्रात उबवली जातात. मूळ समूहाला तोशीस न लावता दुसरा समूह उभा करण्याची ही पद्धत मला फार विचारपूर्वक ठरवलेली वाटते.

टाकीत एक अनपेक्षित शत्रूही सापडला. डेव्हिल्स होलमधूनच आलेला एक लहानसा पाणकिडा अंडी आणि नुकती उबलेली पिल्ले फस्त करत होता. टाकीत त्याची संख्या काबूत आणावी लागली.

पाणी उपशाचा आणि न्यायालयाचा या माशाशी काय संबंध?

१९६० च्या दशकाच्या अखेरीस शेजारच्या मोठ्या शेतीसाठी विहिरींतून भूजल उपसले जाऊ लागले, डेव्हिल्स होलची पातळी उतरली आणि कट्टा उघडा पडू लागला. १९५२ मध्येच राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी डेव्हिल्स होलचा समावेश डेथ व्हॅलीच्या संरक्षित क्षेत्रात केला होता. त्या घोषणेत पाण्याचा हक्कही राखीव आहे, असा निर्णय १९७६ मध्ये कॅपार्ट विरुद्ध युनायटेड स्टेट्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिला. त्यानंतर पातळीची किमान मर्यादा ठरली आणि उपशावर बंधन आले. पुढे आसपासच्या जमिनीवर वसाहत उभी राहणार होती; ती जमीन विकत घेतली गेली आणि १९८४ मध्ये ॲश मेडोज वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले.

बादलीतून एक प्रजाती वाचवली, ही गोष्ट खरी आहे का?

होय, परंतु ती या माशाची नसून कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स पपफिशची आहे. १८ ऑगस्ट १९६९ रोजी फिश स्लू येथले डबके झपाट्याने आटत असल्याचे कळल्यावर फिल पिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे आठशे मासे पकडून वाहत्या पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवले. सहकारी गेल्यावर मासे मरू लागल्याचे पिस्टर यांच्या लक्षात आले. त्यांनी उरलेले जिवंत मासे दोन बादल्यांत भरले आणि दुसऱ्या झऱ्याकडे चालत नेले. त्या वेळी सगळी प्रजाती त्या दोन बादल्यांत होती.

हवामान बदलाचा परिणाम होतो आहे का?

होत आहे. खोलवरच्या पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही; उथळ कट्ट्यावरचे पाणी मात्र हवेबरोबर तापते. वसंतात कट्ट्यावर अन्न पुरेसे आणि तापमान अंड्यांना मानवणारे, असा जो थोडका काळ मिळतो, तो सुमारे एका आठवड्याने आखूड झाल्याचे २०१४ मधील एका अभ्यासाने दाखवले आहे. एका वर्षाचे आयुष्य असलेल्या प्राण्याला एक आठवडा फार मोठा आहे.

हा मासा मत्स्यपेटीत पाळता येईल का?

नाही, तो कायद्याने संरक्षित आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या हौशी मंडळींना मी एक विनंती करते. पेटीतले नकोसे झालेले मॉली, तिलापिया किंवा सकर मासे मासुंदा, उपवन किंवा इतर कुठल्याही तलावात सोडू नयेत. ॲश मेडोजच्या झऱ्यांतही बाहेरून आणलेले मॉली आणि डासांसाठी सोडलेले मॉस्किटोफिश पसरले आणि तिथल्या मूळच्या माशांना जड गेले. त्याच भागातला ॲश मेडोज पूलफिश आज नामशेष आहे. डासांसाठी गप्पी हवेच असतील तर ते बंद टाक्यांपुरते ठेवावेत, वाहत्या पाण्यात जाऊ देऊ नयेत.

भारतात असा काही मासा आहे का?

पपफिशच्या दूरच्या नात्यातले, अफॅनिअस गटातले छोटे मासे कच्छच्या खाऱ्या पाण्यात आढळतात आणि मोठे तापमान व खारटपणा सहन करतात. अमेरिकेतला डेझर्ट पपफिश, सिप्रिनोडॉन मॅक्युलेरियस, हाही समुद्राच्या जवळपास दुप्पट खारटपणा सोसतो. तो १९८६ पासून संकटग्रस्त यादीत आहे. कच्छमधल्या विखुरलेल्या पाणवठ्यांतले समूह एकमेकांपासून किती तुटलेले आहेत, हा आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा असा विषय आहे.

ठाण्यात राहून या विषयाचा अभ्यास सुरू करता येईल का?

नक्कीच. सुरुवात खाडीकाठच्या साध्या प्रजातीपासून करावी. मिठागरांजवळच्या उथळ पाण्यात, तिवरांच्या कडेला आणि गोड्या पाण्याच्या तलावात तापमान, खारटपणा आणि प्राणवायू यांची महिनोन्‌महिने नोंद ठेवणे हेच पहिले शिक्षण आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला भेट दिल्यास खाडीची ओळख होते. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आहे, तेव्हा तिथे काहीही गोळा करायचे असेल तर आधी वनखात्याची परवानगी घ्यावी. नमुना मिळाला तर शेपटीच्या पराचा लहान तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये ठेवावा, फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नये, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. बाटलीवर तारीख, जागा आणि पाण्याचे तापमान पेन्सिलने लिहावे, कारण इथेनॉल सांडले की शाई पुसली जाते.